राजूबाईनं नाव घेतलं

आमच्या बीदरकडच्या मन्नाएखेळ्ळीत राजूबाईला ओळखत नाही असं माणूस सापडणार नाही, आणि त्याचं कारण तिचा घसा. हायवेच्या पलीकडच्या टपरीवर चहा सांगायचा असला की ती आपल्या ओट्यावरूनच सांगते, आणि चहा येतो. तिच्या घराला लागून माझी पिठाची गिरणी आहे. पट्टा फिरत असताना गिऱ्हाइकं माझ्याशी हातवाऱ्यांनी बोलतात. राजूबाईला कधी हात हलवावा लागला नाही. मी तिला चिडवायची, "मावशी, तुमी लग्नाआधी मंठाळात बोलत व्हतात तवा पार बसवकल्याणात ऐकू जात असंल." ती म्हणायची, "जायचं की! तवाच तर एवढ्या लांब दिलं मला."

असला घसा असलेल्या बाईनं आयुष्याची चाळीस वर्षं तोंड मिटून काढली, हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासू नव्हती. सासू शिवशंकरप्पांच्या लहानपणीच गेलेली. घर चालवायची त्यांची थोरली बहीण, कमलम्मा. कमलम्माचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला, ती माहेरी परत आली, आणि आई नसलेल्या धाकट्या भावाला तिनं वाढवलं. वाढवलं म्हणजे न्हाऊ-माखू घातलं, शाळेत घातलं, दुकानात बसवलं, आणि कायमचं आपल्या धाकात ठेवलं. राजूबाईला ती नावानं हाक मारायची नाही. "ए मंठाळची!" एवढंच. साखरेचा डबा कमलम्माच्या खोलीत असायचा. चहा किती गोड प्यायचा हे घरात एकच माणूस ठरवायचं.

शिवशंकरप्पा माणूस चांगले. चांगले म्हणजे गप्प. हायवेच्या पलीकडं त्यांचं दोरांचं दुकान होतं. कासरे, दावी, म्होरक्या, विहिरीचे सोल, सगळं लटकलेलं असायचं आणि मधे हे बसलेले. गिऱ्हाइकाशी दोन शब्द, घरात तेवढेही नाहीत. राजूबाईची आई मंठाळला वारली तेव्हाची गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. निरोप आला तेव्हा ज्वारीची मळणी चालू होती. कमलम्मा म्हणाली, मळणी उरकू दे, मग जा. राजूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. ते हातातल्या दोराला पीळ देत उभे राहिले आणि एक अक्षर बोलले नाहीत. राजूबाई पोचली तेव्हा आईला माती देऊन लोक घरी परतले होते.

मला शिवशंकरप्पांचा राग यायचा तो यासाठी. राजूबाईला मात्र यायचा नाही, किंवा येत असेल तर ती दाखवायची नाही. "आईवाणी वाढवलंय तिनं त्येंला. कसं बोलतील?" असं ती मलाच समजावायची.

कमलम्मा गेली आणि मग त्या घरात एक गंमत झाली. दोन म्हाताऱ्या माणसांचा संसार सुरू झाला. शिवशंकरप्पांनी बायकोला पहिल्यांदा चारचौघांत "राजू" अशी हाक मारली, तेव्हा मी गिरणीत तोंडावर पदर धरून हसले होते. दुपारी दुकान बंद करून ते घरी यायचे आणि दोघं फरशीवर खडूनं पट आखून कवड्यांनी चौकाबारा खेळायची. राजूबाई धडधडीत लबाडी करायची. कवड्या कशाही पडल्या तरी आठ पडले म्हणून ओरडायची. ते हसायचे आणि तिला आठ घरं चालू द्यायचे. साखरेचा डबा आता चुलीशेजारच्या फळीवर होता, आणि त्या घरचा चहा इतका गोड झाला की मी प्यायचा सोडला.

असं काही वर्षं चाललं. मग शिवशंकरप्पा विसरायला लागले.

सुरुवात दुकानातून झाली. एकाला कासरा हवा होता, त्याला म्होरकी दिली. पुढं दिलेलं आठवेना, मग गिऱ्हाइकाचं तोंड आठवेना. मुलगा नागेंद्र पुण्याला नोकरीला. तो आला, वडलांना बीदरच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं, वाढत जाईल म्हणून सांगितलं, आणि तेवढं सांगून पुढचा पेशंट बोलावला. नागेंद्रनं दुकान दिलं विकून. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. पण शिवशंकरप्पांच्या डोक्यातलं दुकान कोण विकणार? रोज सकाळी ते अंगात सदरा घालून निघायचे, थेट हायवेकडं. आमच्या हायवेवरून हैदराबादचे ट्रक ब्रेक न लावता सुटतात. एकदा कुलूप लावून पाहिलं, तर त्यांनी दारावर डोकं आपटून रक्त काढलं. त्या दिवसापासून कुलूप नाही. राजूबाई चुलीपाशी बसायची तेव्हा तिचा एक डोळा तव्यावर आणि एक दारावर.

तिला भीती मात्र ट्रकची नव्हती. म्हणजे होतीच, पण खरी भीती निराळी होती. एकदा दळण घेऊन जाताना ती मला म्हणाली, "दीपा, गिऱ्हाईक इसरले, दुकान इसरले, पोराचं नाव बी कधी कधी इसरत्यात. आता मीच राहिलेय. मला इसरले तर मी काय करू गं?"

मंजुश्री आमच्याकडं आली ती याच दिवसांत. बेंगळुरूच्या कुठल्याशा संस्थेतली पोरं, विसर पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी साधीसोपी यंत्रं करून पाहत होती. शहरात करून झाली होती, आता खेड्यात करून बघायची होती. सोबतच्या दोन पोरांना मराठी येत नव्हतं आणि आमचं कानडीही त्यांना झेपत नव्हतं. मंजुश्री मात्र चिटगुप्प्याची. तिनं ओट्यावर पाय दुमडून बसकण मारली, राजूबाईच्या हातची कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीला लावली आणि म्हणाली, "मावशी, आमची आई बी अशीच करती. पर तिची एवढी पातळ हुत न्हाई." झालं. राजूबाई विरघळली. मी पण विरघळले, खोटं कशाला सांगू. आपल्या भागातली पोरगी एवढं शिकून आपल्याच दारात आली, याचं कौतुक कुणाला नसतं?

यंत्र म्हणजे एक पांढरा डबा. दाराच्या चौकटीवर बसवायचा. माणूस दार उघडायला लागला की डब्याला कळतं, आणि त्यातून घरच्या माणसाचा आवाज येतो, की बाहेर जाऊ नका, आत या. डब्याला एक बारीक डोळाही होता, माणूस ऐकतो की नाही ते पाहायला. मंजुश्रीनं हे सगळं नीट सांगितलं. राजूबाईनं एकच विचारलं.

"ह्येच्यानं त्ये मला इसरणार न्हाईत ना?"

"उलट, मावशी," मंजुश्रीनं तिचा हात हातात घेतला. "रोज तुमचाच आवाज कानावर पडला तर तुमीच ध्यानात राहताव. बाकी समदं गेलं तरी तुमी राहताव."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. गिरणी तेव्हा बंद होती.

पहिल्यांदा राजूबाईनं आपल्या रोजच्या बोलण्यात आवाज भरला. "आवं, कुठं निघालाव? आत या." डब्यानं तो जसाच्या तसा काढला. शिवशंकरप्पांनी मानसुद्धा वळवली नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी दुसऱ्या कुणाला म्हटल्यासारखं ते ऐकलं आणि कडी काढून चालू लागले. मंजुश्री म्हणाली, नाव घ्यायला पाहिजे. माणूस सगळं विसरला तरी स्वतःचं नाव शेवटपर्यंत ओळखतो. नावानं हाक मारा, छोटं बोला, ठणकावून बोला.

राजूबाई तिच्याकडं बघतच राहिली. नवऱ्याचं नाव! आमच्या घरांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मी चार पुस्तकं शिकलेली, उदगीरला कॉलेज केलेली बाई, पण मीसुद्धा घेत नाही. बँकेत विचारलं तर मुलाला सांगायला लावते. राजूबाईनं आयुष्यभर "आवं" आणि "नागेंद्रचे अप्पा" यांवर काम भागवलं होतं. ती दोन दिवस नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं आली आणि म्हणाली, "गिरणी चालू कर."

"दळण कुठाय?"

"दळण न्हाई. तू चालू कर आन् भाईर जा."

मी पट्टा चढवला, गिरणी सुरू केली आणि बाहेर येऊन उभी राहिले. आत गिरणीच्या घरघरीत ती एकटी उभी राहून नवऱ्याचं नाव घ्यायची सवय करत होती. मी खिडकीतून पाहिलं. ओठ हलत होते, डोळे मिटलेले होते, आणि एक हात गळ्यातल्या इष्टलिंगावर होता. मला हसू आवरेना. बाहेर आली तेव्हा नव्या नवरीसारखी लाल झाली होती. म्हणाली, "हसू नको भवाने. त्येंच्यासाठीच करायलेय."

मग घरातल्या सगळ्यांना बाहेर काढून, दार लोटून, तिनं मंजुश्रीच्या फोनमध्ये नाव घेतलं. आधी मंजुश्रीकडून शब्द घेतला होता, की हा आवाज या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही. मंजुश्रीनं शब्द दिला.

"शिवशंकर! बाहेर जाऊ नको. आत ये."

डब्यातून तो आवाज आला आणि शिवशंकरप्पा जागच्या जागी थांबले. कडीवरचा हात काढला. मान खाली घातली आणि मुकाट आत येऊन बाजेवर बसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. राजूबाई मागच्या अंगणात भांडी घासत निवांत बसायला लागली. दारावर कुणीतरी होतं. तिला वाटायचं, ती स्वतःच दारावर आहे. मला म्हणायची, "बघ, माझं ऐकतेत अजून."

दसरा गेला, दिवाळी गेली. बेंगळुरूची पोरं येऊन डब्यातलं काय ते फोनमध्ये उतरवून न्यायची. मंजुश्री दर खेपेला राजूबाईसाठी काही ना काही आणायची, कधी बांगड्या, कधी हुमनाबादचा पेढा. राजूबाई तिला कडक भाकऱ्यांची चवड बांधून द्यायची.

पण घरात काहीतरी बिघडत होतं. शिवशंकरप्पा आता राजूबाई खोलीत आली की उठून उभे राहायचे. तंबाखूची चंची उशीखाली लपवायचे. आजवर तिच्यासमोर तंबाखू मळणारा माणूस! चहात साखर कमी पडली तर मागायचे नाहीत, नुसते फळीवरच्या साखरेच्या डब्याकडं बघायचे. तिनं फरशीवर पट आखला आणि कवड्या पुढं टाकल्या, तर ते घाबरून मागं सरकले. आणि मग एके दिवशी, संक्रांत होऊन ऊन तापायला लागलं तेव्हा, तिनं ताट पुढं ठेवल्यावर ते म्हणाले, "एवढं नगं अक्का, कमी वाढ."

राजूबाई ते ताट तसंच ठेवून माझ्याकडं आली. बसली नाही. "मला अक्का म्हणायलेत," म्हणाली. "दीपा, मला. कमलम्मा समजायलेत मला."

जिनं साखरेचा डबा कोंडून ठेवला, जिनं आईच्या मातीला जाऊ दिलं नाही, तिच्या नावानं हिला हाक! तेही त्याच माणसाच्या तोंडून, ज्याच्यासाठी हिनं ते सगळं गिळलं. विसरले असते तर एक वेळ सोसता आलं असतं. पण हे विसरणं नव्हतं. हे तिला उचलून दुसऱ्याच बाईच्या जागी नेऊन बसवणं होतं.

पुढच्या खेपेला मंजुश्री आली तेव्हा राजूबाईनं तिला माझ्यासमोर स्पष्ट विचारलं, "पोरी, खरं सांग. त्या डब्यानं तर असं व्हायलं न्हाई? डबा आल्यापासून बिघडायलंय असं वाटतंय मला. तसं असंल तर काढून टाक."

मंजुश्रीनं नजर खाली केली नाही. ते मला अजून आठवतं. सरळ डोळ्यांत बघून म्हणाली, "न्हाई मावशी. आजारच तसा हाय. जुनं जुनं वर येतंय. डब्याचा काय संबंध?"

राजूबाईनं विश्वास ठेवला. आजारावर कोण रागावणार? ती अक्का होऊन ताट वाढत राहिली.

पावसाळ्याच्या तोंडाला त्यांचं काम संपलं. बीदरला एका कॉलेजच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला होता, ज्या ज्या घरांत डबे बसवले त्या घरच्या माणसांचा सत्कार. राजूबाईनं इरकल नेसलं. नागेंद्र त्या दिवशी आला होता, तो वडलांपाशी थांबला आणि मी राजूबाईबरोबर गेले. पुढच्या ओळीत बसवलं आम्हाला. डॉक्टर, प्राध्यापक, पाहुणे, सभागृह गच्च भरलेलं. मंजुश्री व्यासपीठावर उभी राहिली, छान साडी नेसून, आणि कानडीत बोलायला लागली. मागच्या पडद्यावर चित्र सुरू झालं.

चित्रात राजूबाईचंच दार होतं. दाराला जांभळा पडदा. तो पडदा राजूबाईनं दिवाळीच्या आधी काढून त्याची पायपुसणी केली होती. म्हणजे चित्र अगदी सुरुवातीच्या दिवसांतलं. शिवशंकरप्पा कडीला हात घालतात. आणि सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून राजूबाईचा आवाज गरजला, "शिवशंकर! बाहेर जाऊ नको. आत ये."

राजूबाईनं पदर तोंडावर ओढला. एवढ्या पुरुषांत तिच्या तोंडचं नवऱ्याचं नाव घुमत होतं. पण ते पुढच्यापुढं काहीच नव्हतं. पडद्यावर शिवशंकरप्पांनी कडी सोडली, मान खाली घातली आणि स्पष्ट म्हणाले, "आलो अक्का." राजूबाई तेव्हा मागच्या अंगणात असायची, तिच्या कानावर हे कधी पडलंच नव्हतं.

मंजुश्री समजावून सांगत होती. आमच्या भागात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. बाईच्या तोंडून आपलं नाव आलं म्हणजे ती आई, नाहीतर थोरली बहीण, एवढं या माणसाच्या मनात अजून पक्कं आहे. त्यामुळं बायकोचा आवाज त्याला बहिणीचा वाटला. बहिणीचा धाक असल्यानं तो शंभर टक्के ऐकतो. हे आम्हाला पहिल्या काही दिवसांतच दिसलं, आणि आम्ही ते तसंच पुढं चालू ठेवून त्याचा अभ्यास केला. निकाल फार चांगला आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजूबाईला कानडी मराठीइतकंच येतं. न कळायला जागाच नव्हती.

मला स्वतःच्या डोक्याचीही चीड आली. हे आम्हाला कसं सुचलं नाही? दुकान विसरलेला, पोराचं नाव विसरलेला माणूस घराची रीत काय लक्षात ठेवणार, असं आम्ही धरून चाललो होतो. तीच तेवढी त्यांच्यात शाबूत होती. आम्हाला कळलं नाही आणि बेंगळुरूच्या पोरांना कधीच कळलं नसतं. कळलं ते आमच्या चिटगुप्प्याच्या पोरीला.

राजूबाईनं शाल घेतली नाही. नाव पुकारलं तेव्हा ती उठून बाहेर व्हरांड्यात गेली. मंजुश्री धावत मागं आली. मला वाटलं, आता हा घसा फुटणार आणि सबंध बीदर गोळा होणार. पण राजूबाई इतकं हळू बोलली की मला जवळ जावं लागलं.

"मी पुसलं व्हतं तुला."

"मावशी, मी सांगितलं असतं तर तुमी डबा काढायला लावला असता. मग अप्पा रस्त्यावर गेले असते. आता जायलेत का? जीव वाचला ना त्येंचा?"

"म्या काढाया लावला नसता गं," राजूबाई म्हणाली. "ट्रकाखाली जाण्यापरीस मी अक्का झाले असते. खुशीनं झाले असते. आजवर काय कमी सोसलंय व्हय? पर तू मला पुसायचं व्हतंस. दुसऱ्या कुणाचा न्हाई, माझाच आवाज घेऊन मला माझ्या घरातून काढलंस. आन् वर माझीच भाकरी खाल्लीस."

मंजुश्री रडायला लागली. रडू दे. मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मला जे बोलायचं होतं ते मी बोलले, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की त्या पोरीनं पुन्हा आमच्या गावात पाय टाकलेला नाही. तिच्या कामाला कुठंतरी बक्षीस मिळाल्याचं नागेंद्रनं मागाहून फोनवर सांगितलं.

घरी आल्यावर राजूबाईनं स्टुलावर चढून स्वतःच्या हातानं डबा उतरवला. फसवून घेतलेला आवाज आता दारावर नको, म्हणाली. मग ती परत राजू व्हायच्या मागं लागली. हिरवं पातळ नेसली, जे त्यांना आवडायचं. चहात मूठभर साखर घातली. पट आखून कवड्या टाकल्या आणि आठ पडले म्हणून ओरडली. त्यांच्यासमोर बसून म्हणाली, "मी राजू. तुमची राजू." ते आदबीनं म्हणाले, "व्हय अक्का." नागेंद्र पुण्याला परत गेला. मी दुपारची गिरणी बंद करून त्यांच्या ओट्यावर बसायला लागले, कारण दारावर आता कुणी नव्हतं.

आणि एका बाजाराच्या दिवशी, माझ्याकडं दळणाची गर्दी असताना, ते निघाले. राजूबाई मागच्या अंगणात होती. मी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून पाहिलं तर सदरा घालून ते हायवेच्या कडेला पोचलेले. गिरणी तशीच चालू टाकून मी पळाले. उघडं दार बघून माझ्या आधीच राजूबाई धावत सुटली होती, अनवाणी, हात राखेनं भरलेले.

"आवं! आवं थांबा!" ती ओरडली. ते चालत राहिले. "नागेंद्रचे अप्पा! ऐकलं का? मी राजू!" तिचा तो घसा, जो रस्त्यापलीकडून चहा मागवायचा, तो त्यांच्यापर्यंत पोचत होता, पण त्यांच्यासाठी तो कुणाचाच नव्हता. एक पाय डांबरावर पडला. हुमनाबादकडून ट्रक येत होता, हॉर्न वाजवत.

राजूबाई थांबली. छाती भरून श्वास घेतला. आणि टपरीवरच्या, बाजाराच्या, एस.टी.ला उभ्या असलेल्या सगळ्या माणसांसमोर, कमलम्माच्या त्या जुन्या ठसक्यात, पूर्ण गळा फोडून ओरडली, "शिवशंकर! आत ये!"

पाय डांबरावरून मागं आला. ट्रक गेला. धुरळ्यात ते मान खाली घालून उभे होते. तिनं जाऊन हात धरला आणि त्यांना ओट्यावर आणून बसवलं. मी पाणी आणलं, ते दोघांपैकी कुणी प्यायलं नाही.

थोड्या वेळानं शिवशंकरप्पांनी इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अक्का, एक बोलू का?"

"बोल," राजूबाई म्हणाली.

"राजू घरात दिसंना. रुसून मंठाळला गेलीय जणू." ते बोटांनी नसलेल्या दोराला पीळ देत होते. "तू लई बोलतीस तिला. तिची माय मेली तवा बी तू जाऊ दिलं न्हाईस. चूक केलीस अक्का. म्या बी केली, गप बसलो. आता ती आली की तिला काय बोलू नको. तुझ्या पाया पडतो."

आणि ते खरोखरच वाकले.

राजूबाईनं पाय मागं घेतले. मी तिच्याकडं पाहिलं. चाळीस वर्षं जे ऐकायची वाट पाहिली ते तिच्या तोंडावर बोललं जात होतं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, सांगा ना त्येंला. तुमीच राजू हाव म्हणून सांगा."

तिनं मान हलवली. "मी राजू झाले तर उद्या त्येंला रस्त्यावरनं कोण बोलवंल?"

"अक्का, बोलणार न्हाईस ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"न्हाई बोलणार," ती म्हणाली.

"कवा येईल ती?"

"येईल."

"मग म्या हितंच बसतो," शिवशंकरप्पा म्हणाले. त्यांनी सदरा नीट केला आणि मंठाळहून येणारी गाडी जिथं थांबते तिकडं तोंड करून बसले. राजूबाई त्यांच्या पाठीमागं उभी होती.